गळतीचा ताळा

आमच्या चिखलीत दोन दारांची गाडी म्हणजे स्पोर्ट्‌स कार. हा निकाल आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिला आणि मी त्यावर अपील केलं नाही. कारण निकाल माझ्या बाजूनं होता. बँकेतल्या लिपिकाच्या बाजूनं आयुष्यात फारसे निकाल लागत नाहीत. बढतीच्या परीक्षेचे तर नाहीतच.

वास्तविक ही गाडी माझ्या मामांची. 1965 सालची स्टँडर्ड हेरल्ड. ज्यांना हे नाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की एके काळी आपल्या देशात नवी गाडी घ्यायची म्हटलं तर मुख्यत्वे तीनच वाटा होत्या: अँबॅसडर, फियाट आणि हेरल्ड. अँबॅसडर पुढाऱ्यांची, फियाट डॉक्टरांची आणि हेरल्ड ज्याचा दोन्हीकडे नंबर लागला नाही त्याची. निदान मामा तरी तसं सांगत. ते कापसाचे अडते होते आणि त्यांनी ही गाडी 1968 साली, लग्नाच्या वर्षी, खामगावच्या एका गृहस्थाकडून जुनी म्हणून घेतली होती. म्हणजे ती आमच्या घरात आली तेव्हाच जुनी होती. नंतर तिनं फक्त तो लौकिक टिकवला.

पण घराणं मात्र मोठं. 1959 साली ट्रायम्फ कंपनीनं इंग्लंडात हेरल्ड काढली. तिला रूप दिलं ते मिकेलोत्ती नावाच्या एका इटालियन माणसानं. 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती इकडे बनवायला घेतली. आणि तिकडे 1962 मध्ये याच हेरल्डची चासी आखूड करून स्पिटफायर नावाची खरीखुरी, वाऱ्यावर केस उडवणारी स्पोर्ट्‌स कार निघाली. म्हणजे हेरल्ड ही स्पोर्ट्‌स कारची सख्खी थोरली बहीण. धाकटी नटण्यामुरडण्यात गेली, थोरली संसाराला लागली. आपल्याकडे हे घरोघरी होतं.

मागल्या वर्षी मामी गेल्या. मामांचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, “बाबा, आता ती गाडी भंगारात देऊन टाकू.” मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “विकू नको. चालू कर. एकदा देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला जाऊन येऊ.” लग्नानंतर ते आणि मामी याच गाडीतून पहिल्यांदा तिथे गेले होते, हे मला आईकडून ठाऊक होतं. मामांनी ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांना रोज विचारत असे, “मामा, कसं आहे?” आणि ते रोज म्हणत, “बरं आहे.” चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस ‘बरं आहे’ म्हणाला, की आपण डबा ठेवतो आणि निघतो. मीही तेच करत होतो.

गाडी चालू झाली. नवी बॅटरी घातल्यावर चौथ्या प्रयत्नात तिनं असा काही धूर सोडला, की समोरच्या वकिलांनी वाळत घातलेली धोतरं आत घेतली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला आमच्या अंगणात आणून ओट्यालगतच्या उतारावर उभी केली आणि रात्रभर स्पोर्ट्‌स कारच्या मालकाची झोप झोपलो.

सकाळी आमची सौ. रांगोळी घालायला बाहेर गेली आणि तशीच परत आली.

“तुमच्या गाडीनं अंगणात दोन ठिकाणी केलंय,” ती म्हणाली.

मी पाहिलं. पुढच्या बाजूला पातळ, तांबूस, गंजाच्या रंगाचं पाणी. मधोमध काळं, चिकट, उग्र वासाचं तेल. शहाबादी फरशीवर दोन्ही ओघळ एकमेकांची चौकशी करत निघाले होते. पुढल्या आठ दिवसांत सौ.नं त्यांना नावंही दिली. पुढची पैनगंगा, मधली पूर्णा. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला यातली गंमत सांगायला नको. पैनगंगा बुलढाण्याजवळ मढला उगम पावते, म्हणजे ती आमची घाटावरची. आणि पूर्णा घाटाखालची. घाटावर आणि घाटाखाली ही आमच्या जिल्ह्याची सनातन वाटणी आता माझ्या अंगणात उतरली होती. “आता एक लोणार झालं, की नकाशा पुरा,” असं सौ. शेजारणीला सांगत होती, ते मी स्वतः ऐकलं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे या दोन बाजूंपलीकडे जगात काही आहे, असं आम्हांला शिकवलेलं नाही. जेवढं गळतं तेवढं भरायचं, म्हणजे बाकी कायम राहते, हा मी काढलेला मार्ग. रोज सकाळी बँकेत जाण्यापूर्वी हेरल्डचं बॉनेट उघडायचं. हे बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. मडगार्डं आणि दिवे यांच्यासकट गाडीचा अख्खा चेहराच पुढे कलंडतो आणि माणसाला पुढच्या चाकावर बसून आत हात घालता येतो. मी चाकावर बसून रेडिएटरमध्ये काठोकाठ बोअरचं पाणी भरत असे. आणि दर रविवारी आडवा होऊन गिअर बॉक्सच्या कुशीतलं बूच काढून तेल. पिचकारीनं. मावेल तेवढं, आणि वर थोडं पुण्याला म्हणून.

महिनाभरात मी इतकं भरलं, की गाडीपेक्षा अंगणाची देखभाल उत्तम झाली. गळती कमी होण्याऐवजी वाढली. आणि मार्च महिना उजाडला. बँकेतल्या माणसाचा मार्च म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. रात्री उशिरा घरी यावं, तर फाटकाशी मामा उभे. टॉर्च घेऊन गाडीखाली पाहत. “जमेल ना रे?” ते विचारत. “जमेल की,” मी म्हणे. मग मी विचारी, “तुम्ही कसे आहात?” “बरं आहे.” दोघेही सारखेच खोटं बोलत होतो.

शेवटी एका रविवारी मी मिस्त्रींना गाठलं. जालना रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. सगळी हयात जीप आणि ट्रॅक्टर यांच्याखाली उताणं पडून गेलेली. ते सायकलवरून आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकले, बोटाला तेल लावून वास घेतला आणि मला विचारलं, “रोज काय करता?”

मी अभिमानानं माझी भरणापद्धती सांगितली.

“बरं. आज बी तसंच भरा. मी पाहतो.”

पण त्याआधी त्यांनी गाडी उतारावरून ढकलत सपाट जागी आणली. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन आणि गिअर बॉक्स खालून धुऊन, पुसून कोरडे केले. मग म्हणाले, “पुठ्ठा आणा.” बँकेत कागदाचे गठ्ठे येतात त्यांची खोकी घरात होती. ती फाडून त्यांनी गाडीखाली अंथरली आणि चाकं कुठे आहेत त्याच्या खडूनं खुणा केल्या. इंजिन दहा मिनिटं चालवलं, बंद केलं आणि ओट्यावर बसून चहा मागितला.

“आता?” मी म्हटलं.

“आता काई नाई. पाहाचं.”

आम्ही पाहत बसलो. मामाही येऊन बसले. टप्‌. पुठ्ठ्यावर पहिला थेंब पडला तो मिस्त्रींनी खडूनं गोल करून ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. अर्ध्या तासात पुठ्ठ्यावर पंचनामा तयार झाला. आणि तेव्हा मला एकदम पंचवीस वर्षांपूर्वीची माझी नोकरीतली पहिली चूक आठवली.

त्या दिवशी माझ्या रोकडीत पन्नास रुपये कमी भरले होते. मी घाबरून कुणाला न सांगता खिशातली पन्नासाची नोट गल्ल्यात घातली. ताळा जमला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास कमी. मी पुन्हा घातले. तिसऱ्या दिवशी आमच्या जुन्या खजांचींनी मला पकडलं. ते म्हणाले, “खिशातून भरलं की ताळा जमतो, चूक जमत नाही. चूक तिथेच बसून असते, आणि तिला कळतं की इथे भरणारा आहे.” त्यांनी सगळी व्हाउचरं काढायला लावली. एका पावतीवरचा एक आकडा मी चुकीचा वाचत होतो, तिन्ही दिवस. हा धडा मी पंचवीस वर्षं नव्या पोरांना शिकवला आणि स्वतःच्या अंगणात नेमका विसरलो.

मिस्त्रींनी निकाल सांगितला. गुन्हे एकूण चार होते आणि त्यांतले दोन माझे.

पहिला, पाण्याच्या पंपाचा. पंपाच्या दांड्यावरचं सील झिजलं, की पाणी आतल्या बेअरिंगकडे जाऊ लागतं. ते तिकडे न जाता बाहेर पडावं म्हणून पंपाच्या पोटाशी मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. ते भोक ठिपकू लागलं म्हणजे पंपानं अर्ज दिला असं समजायचं. मी ते भोक एम-सीलनं बुजवायच्या बेतात होतो. तसं केलं असतं तर अर्जदारच मेला असता.

दुसरा, माझा. या जुन्या गाडीला पाणी साठवायची वेगळी बाटली नाही. तापलं, की पाणी फुगतं आणि जास्तीचं पाणी वरच्या नळीतून रस्त्यावर जातं. मी काठोकाठ भरत होतो, ती उरलेलं सांडत होती. “सायेब,” मिस्त्री म्हणाले, “तुमी गाडीले पाणी नाई पाजत, आंघोळ घालून राह्यले.”

तिसरा, गिअर बॉक्सच्या मागल्या ऑइल सीलचा. साठ वर्षांत त्याचं रबर शिंगासारखं कडक झालं होतं. चौथा पुन्हा माझा. बाजूच्या बुचाच्या भोकापर्यंत तेल आलं, की पुरे असतं. पण ते सपाटीवर. मी गाडी उतारावर तिरकी उभी करून भरत होतो, त्यामुळे हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त तेल आत जाई आणि ते म्हाताऱ्या सीलच्या उरावर बसे.

“म्हणजे मी काही केलं नसतं तर?” मी विचारलं.

“तर अर्ध्यातच भागलं असतं,” मिस्त्री म्हणाले.

काम सुरू झालं ते पुढल्या रविवारी. हेरल्डचा गिअर बॉक्स गाडीच्या आतून काढता येतो. दोन सीटांच्या मधला उंचवटा म्हणजे त्याचं झाकण. ते काढायला आधी डाव्या बाजूची सीट काढावी लागते. ती सीट मामींची. मिस्त्रींनी बोल्ट सोडले, मी आणि मामांनी ती उचलून ओट्यावर ठेवली. तिच्या खाली काय काय निघालं! केसांची आकडी, चिंचोके, पाच पैशांचं एक नाणं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक छोटी वही. वाण्याच्या हिशोबाची असते तशी.

मी सवयीनं उघडली. मामींचं अक्षर. ‘गाडी’ असा मथळा आणि खाली तारखा. कधी हवा भरली, कधी पंक्चर काढलं, कुठल्या गावाला कोण कोण गेलं. आणि 1974 च्या एका पानावर अधोरेखित केलेलं असं: ‘पाणी दोन बोटं कमी ठेवणे. काठोकाठ भरले की सांडते. गिअरचे तेल सपाट जागी. (ह्यांना सांगून उपयोग नाही.)’

मी ते मोठ्यानं वाचलं. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “आधीच दिली असती तर माह्या अर्ध्या दिवसाचं काम वाचलं असतं,” ते म्हणाले. मामांनी वही माझ्या हातून घेतली, चष्मा पुसला आणि कंसातलं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग ते इतके हसले, की सौ. आतून धावत आली. मामी गेल्यानंतर मी मामांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी. हसून झाल्यावर ते बराच वेळ वही मांडीवर ठेवून नुसते बसले.

सील आणायला मी एस.टी.नं जालन्याला गेलो. पहिल्या दुकानात म्हटलं, “हेरल्डचं ऑइल सील आहे?” गल्ल्यावरच्या बावीस वर्षांच्या मुलानं विचारलं, “पेपर?” दुसऱ्या दुकानात त्यांनी मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं, त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. मग मिस्त्रींनी दिलेली चिठ्ठी आठवली. त्यांनी जुनं सील मोजून तीन आकडे लिहून दिले होते: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आणि बजावलं होतं, “गाडीचं नाव काहाडू नका. माप सांगा.” जालना हे लोखंडाच्या कारखान्यांचं गाव; बेअरिंगच्या दुकानांत यंत्रांची सीलं मापावर मिळतात. तीन आकडे सांगितले आणि दोन मिनिटांत सील हातात. किंमत माझ्या चहा-नाश्त्याहून कमी. नावानं मागितलं तेव्हा ते साठ वर्षांपूर्वी संपलेलं होतं. मापानं मागितलं तेव्हा ते फळीवरच होतं.

तेल मात्र मी स्वतःच्या अकलेनं आणलं. डब्यावर जीएल-4 आणि जीएल-5 असे दोन प्रकार. पाच चारापेक्षा मोठे, हे बी.कॉम.ला शिकलेलो; म्हणून पाच आणलं. मिस्त्रींनी ते परत पाठवलं. जीएल-5 मधली काही द्रव्यं जुन्या गिअर बॉक्समधल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत म्हणे. चारवरचा माणूस पाचवर गेला, की बिघडतो, हे आमच्या बँकेतही मी पाहिलं आहे. पण ते तेलालाही लागू असेल असं वाटलं नव्हतं.

पंपात नवं बेअरिंग आणि सील बसवून आणलं. मिस्त्रींनी पॅकिंगचा कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत गेले. कागद कडेवर आपोआप कापला जाऊन पॅकिंग तयार झालं. कात्री नाही, पट्टी नाही. मामा टॉर्च धरून उभे होते. ‘बसा’ म्हटलं तरी बसेनात. मग बोअरच्या पाण्याला रजा देऊन डिस्टिल्ड वॉटर आणि हिरवं कूलंट निम्मंनिम्मं मिसळून भरलं. आमच्या पाण्यानं आत क्षार धरतो, गंज चढतो. कूलंटनं गंजही थांबतो आणि पाणी उकळायलाही जास्त ताप लागतो. “पिस्त्याचं सरबत दिसतंय,” सौ. म्हणाली. “सरबतच म्हणा, पण मांजराले दूर ठेवा,” मिस्त्री म्हणाले. ते गोड लागतं आणि विषारी असतं.

भरताना मामा पुढे आले. त्यांनी रेडिएटरच्या तोंडात बोटं घालून पाहिलं आणि म्हणाले, “बस. दोन बोटं.”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी डाव्या सीटवर मामा, मागे सौ. आणि तिच्या मांडीवर पाण्याचा कॅन, ‘असू द्या’ म्हणून. मेरा गेलं, अंढेरा गेलं, देऊळगाव मही गेलं. काट्याकडे पाहून पाहून माझी मान आखडली. पण काटा काही वर चढेना. पन्नासेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर आम्हांला झाडून सगळ्यांनी मागे टाकलं. त्यांत एक ट्रॅक्टरही होता. पण एका शाळकरी पोरानं सायकल थांबवून ओरडून सांगितलं, “अबे, स्पोर्ट कार!” आणि मामांनी त्याला हात केला.

देवळापाशी मी उतरल्याबरोबर आधी गाडीखाली वाकलो. मग सौ. वाकली. मग मामा. तीन माणसं गाडीपुढे वाकलेली पाहून एका म्हाताऱ्या बाईनंही नमस्कार केला. जमीन कोरडी होती. दर्शन झालं. मामा देवापुढे किती वेळ उभे होते, ते मी मोजलं नाही.

घटत्या बाकीच्या पद्धतीनं घसारा काढला, तर कुठल्याही मालमत्तेची किंमत कधीच शून्य होत नाही, असा आमच्या शास्त्राचा एक नियम आहे. परीक्षेत मी तो नुसता पाठ केला होता. परतीच्या वाटेवर डाव्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या मामांकडे पाहताना तो मला कळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन मामांकडे गेलो. “मामा, कसं आहे?” “बरं आहे.”

डबा ठेवून मी वळलो, आणि का कोण जाणे, त्या पुठ्ठ्याची आठवण झाली. मी परत फिरलो, खुर्ची ओढली आणि बसलो. काही बोललो नाही. भरण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. पाच मिनिटं गेली. घड्याळाची टकटक तेवढी ऐकू येत होती.

“गुडघा फार दुखतो रे,” मामा म्हणाले. “आणि रात्री तीनला जाग येते. ती उठून पाणी पीत असे ना, त्या वेळेला.”

मग आणखी पाच मिनिटांनी दुसरं काही. मग तिसरं. डबा गार होत होता. सौ.चा दोनदा फोन आला, तो मी घेतला नाही. मिस्त्रींनी शिकवलं होतं तसा मी नुसता पाहत बसलो, मध्ये काही न टाकता.